एंटरप्राइज आर्किटेक्चर आणि व्यवसाय-प्रणालींची जोडणी

संस्थेची कामे, त्यांना लागणारी माहिती, ती हाताळणारी सॉफ्टवेअरे आणि त्यांखालची यंत्रसामग्री यांचे परस्परसंबंध मांडणारा आराखडा आणि तो अद्ययावत ठेवण्याची शिस्त म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. आयबीएम या संगणक कंपनीतील जॉन झॅकमन यांच्या १९८७ सालच्या लेखाने या विचाराला पद्धतशीर रूप मिळाले. १९९५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या आराखड्याच्या आधारे असे आर्किटेक्चर तयार करण्याची ‘टोगॅफ’ ही पद्धती आली.

मोठ्या संस्थेत विक्री, लेखा, गोदाम, पगार यांच्या प्रणाली निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या पुरवठादारांकडून घेतलेल्या असतात आणि गरज पडेल तशा त्या एकमेकींना जोडल्या जातात. दहा प्रणालींपैकी प्रत्येक दुसरीशी थेट जोडायची तर ४५ जोडण्या लागतात, वीस असल्यास १९०; मध्ये सामाईक थर असला तर प्रत्येकीला एकच जोडणी पुरते. संख्येपेक्षा अवघड प्रश्न अर्थाचा असतो. विक्रीच्या प्रणालीत ‘१२’ म्हणजे बारा नग आणि गोदामाच्या प्रणालीत बारा खोकी असे धरलेले असेल, तर संदेश बिनचूक पोहोचतो, पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही आणि तरीही भलताच माल रवाना होतो.

म्हणून कोणती माहिती मुळात कोठे नोंदली जाते, तिचे एकक कोणते, ती बदलण्याचा अधिकार कोणत्या विभागाला आहे आणि इतरांनी ती कोणत्या मार्गाने मागायची, हे आधी ठरवावे लागते. ‘ग्राहक’ कोणाला म्हणायचे, एवढ्यावर विभागप्रमुखांचे एकमत होण्यास पुष्कळ वेळ जातो, पण तो द्यायलाच हवा. ते टाळून नुसते जोडणीचे सॉफ्टवेअर विकत घेतले, तर जुना गोंधळ फक्त नव्या जागी जातो.

एस्टोनियाची २००१ मध्ये सुरू झालेली ‘एक्स-रोड’ ही सरकारी खात्यांमधील माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था, हे सारे आधी ठरवून जोडणी करण्याचे उत्तम उदाहरण होय. तेथे सगळी माहिती एका जागी गोळा केलेली नाही. प्रत्येक खाते आपली नोंदवही स्वतःकडे ठेवते, देवाणघेवाण तेवढी सामाईक नियमांनी, कूटबद्ध स्वरूपात आणि डिजिटल शिक्क्यासह होते. एकाच माहितीसाठी दुसरी नोंदवही उभारण्यास कायद्यानेच मनाई असल्यामुळे अधिकृत नोंद कोणती, हा वाद उरत नाही. फिनलंडनेही हेच तंत्र स्वीकारले. भारतात इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा ‘इंडईए’ (इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर) हा आराखडा २०१८ मध्ये आला. नागरिकाला अनेक खात्यांऐवजी एकच शासन भेटावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे.