संशोधन व विकास सर्वेक्षण

एखाद्या देशात वर्षभरात संशोधनावर किती पैसा खर्च झाला आणि त्या कामात किती माणसे होती, हे ठरावीक व्याख्यांनुसार मोजणारी राष्ट्रीय पाहणी. उद्योग, शासन, उच्च शिक्षण आणि खाजगी ना-नफा संस्था या चार क्षेत्रांकडून त्यासाठी माहिती गोळा केली जाते.

अमेरिकेत अशा पाहण्या १९५० च्या दशकातच सुरू झाल्या होत्या. मात्र जो तो देश आपल्या पद्धतीने मोजत असल्याने तुलना करणे अवघड होते. जून १९६३ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांतील तज्ज्ञ रोमजवळच्या फ्रास्काती गावी जमले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी तयार केलेल्या मसुद्यावर तिथे चर्चा झाली आणि त्यातून मोजणीचे समान नियम देणारे ‘फ्रास्काती मॅन्युअल’ तयार झाले. त्याची सातवी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. संघटनेबाहेरचे देशही आज तेच वापरतात.

संशोधन कशाला म्हणायचे, इथूनच खरी अडचण सुरू होते. मॅन्युअलच्या मते काम नवे, सर्जनशील, निष्पत्तीबाबत अनिश्चित, पद्धतशीर आणि इतरांना पुन्हा करून पाहता येईल असे हवे. पाचही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. रोजच्या तापमानाची नोंद ठेवणे संशोधनात धरत नाहीत. तापमान मोजण्याची नवी पद्धत शोधणे मात्र धरतात. नव्या औषधाच्या मानवी चाचण्यांचे पहिले तीन टप्पे मोजले जातात. औषध बाजारात आल्यानंतरचा चौथा टप्पा त्यातून नवे ज्ञान मिळणार असेल तरच धरला जातो.

खर्चाचा आकडा पैसे देणाऱ्याकडून न घेता प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडून घेतात. समजा, एका सरकारी खात्याने विद्यापीठाला १०० रुपये दिले आणि विद्यापीठाने त्यातले २० एका कंपनीकडून चाचण्या करून घेण्यासाठी दिले. तिघांनीही आपापले आकडे लिहिले तर बेरीज २२० होईल. म्हणून विद्यापीठाचे ८० आणि कंपनीचे २० एवढेच धरायचे. इमारती व उपकरणांचा खर्च ज्या वर्षी झाला त्याच वर्षी पूर्ण दाखवतात, घसारा धरत नाहीत. त्यामुळे मोठी प्रयोगशाळा उभी राहिली की त्या वर्षीचा आकडा फुगलेला दिसतो.

मनुष्यबळ दोन तऱ्हांनी मोजतात: शिरगणती आणि पूर्णवेळ समतुल्य. वर्षातला ३० टक्के वेळ संशोधनाला देणारी प्राध्यापिका शिरगणतीत १, तर पूर्णवेळ समतुल्यात ०.३ ठरते. संशोधक, तंत्रज्ञ आणि इतर साहाय्यक कर्मचारी यांची मोजणी वेगवेगळी होते, पीएच.डी.चे विद्यार्थी संशोधकांत येतात. हे ३० टक्के येतात कुठून, हा सगळ्या सर्वेक्षणातला सर्वांत नाजूक भाग आहे. शिकवणे, प्रबंधांचे मार्गदर्शन आणि स्वतःचे संशोधन एकाच दिवसात मिसळलेले असते. काही देश त्यासाठी प्राध्यापकांकडून वेळेच्या नोंदी भरून घेतात. काही देश जुन्या पाहणीतले गुणक (किती टक्के वेळ संशोधनाचा, याची ठरलेली प्रमाणे) वर्षानुवर्षे वापरत राहतात, आणि विद्यापीठांच्या पगारातला संशोधनाचा वाटाही त्याच गुणकांनी काढला जात असल्याने एक चूक माणसांच्या आणि पैशांच्या अशा दोन्ही आकड्यांत शिरते.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत याचे दोन निर्देशक आहेत: संशोधनखर्चाचे जीडीपीशी प्रमाण आणि दर दहा लाख लोकसंख्येमागे पूर्णवेळ समतुल्य संशोधक. जीडीपी घसरला की खर्च न वाढताही पहिले प्रमाण वर जाते. पाहणीत नव्या कंपन्या घेतल्या किंवा व्याख्या बदलली तरीही आकडा उडी मारतो. अशा वर्षापाशी तक्त्यात ‘मालिकेत खंड’ अशी खूण केलेली असते. त्या खुणेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे थेट जोडून वाढ काढू नये.