ऑनलाइन सोशल डिडक्शन गेममधले डावपेच आणि फसवाफसवी

सोशल डिडक्शन गेममध्ये मूठभर लोकांना कोण कोणाच्या बाजूचं आहे ते पहिल्यापासून माहीत असतं, बाकीच्यांना नसतं, आणि अख्खा खेळ या फरकावरच चालतो. हे मूठभर लोक गुपचूप बाकीच्यांना एकेक करून मारतात, आणि बाकीचे चर्चा करून, व्होट टाकून संशयिताला खेळाबाहेर काढतात. मूळ माफिया हा खेळ दिमित्री डेव्हिडॉफने १९८६ मध्ये मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीत तयार केला, १९९७ मध्ये त्याचंच वेअरवुल्फ झालं, आणि ऑनलाइनचं म्हणाल तर टाउन ऑफ सेलम २०१४ ला आणि अमंग अस २०१८ ला आला, पण अमंग अस खरा गाजला तो २०२० मध्ये. लपून मारणाऱ्यांना माफियात माफिया म्हणतात आणि अमंग असमध्ये इम्पोस्टर, बाकीचे म्हणजे टाउन किंवा क्रूमेट.

नवीन खेळाडूला वाटतं की इम्पोस्टर झालो म्हणजे आता खोटं बोलत सुटायचं. तसं नसतं. मुरलेला इम्पोस्टर जवळपास सगळं खरंच सांगतो, कुठून कुठे गेलो, वाटेत कोण भेटलं, फक्त ज्यात कोणाला मारलं ते मधले दहा सेकंद गाळतो, कारण एक पूर्ण खोटी गोष्ट रचली की ती शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते आणि तिसऱ्या मीटिंगला, म्हणजे चर्चेच्या फेरीला, कोणीतरी विचारतंच की मघाशी तर तू दुसरंच म्हणालेलास. सेल्फ-रिपोर्ट म्हणजे तर सरळ चोराच्या उलट्या बोंबा, स्वतःच मारायचं आणि स्वतःच बॉडी सापडली म्हणून रिपोर्ट करायचं, एकदा चालतं, त्याच लॉबीत, म्हणजे त्याच खेळाडूंच्या गटात, दुसऱ्यांदा केलं की पकडलं जातं.

बसिंग हा त्याहून वरचा डाव. आपलाच साथीदार आता वाचत नाही असं दिसलं की त्याच्या विरोधात सगळ्यात आधी व्होट टाकायचं, म्हणजे पुढे दोन-तीन राउंड आपल्यावर कोणी संशय घेत नाही. मात्र फार लवकर केलं तर स्वतःचाच माणूस फुकट घालवला असं होतं. रोल क्लेम करणंही, म्हणजे आपली भूमिका उघड सांगणंही, तसंच जोखमीचं, मी डिटेक्टिव्ह (टाउनचा तपास करणारा) आहे म्हटलं आणि खऱ्या डिटेक्टिव्हने काउंटर-क्लेम केला, म्हणजे तो मीच असं सांगितलं, तर दोघांतला एक नक्की खोटा, आणि टाउनला एकदम अर्धं उत्तर मिळतं.

टाउनच्या बाजूने बघायचं तर माझ्या मते बोलण्यापेक्षा व्होटिंगला जास्त महत्त्व द्यावं. चॅटमध्ये कोणीही काहीही लिहितो, पण कोणी कोणाला कधी व्होट केलं ते नंतर बदलता येत नाही, आणि एखादा माफिया उघडा पडला की मागे जाऊन त्याला कोण वाचवत होतं ते बघायचं, तिथेच बहुतेक वेळा दुसरा सापडतो. आळीमिळी गुपचिळी करून बसणारा मात्र दरवेळी माफियाच असतो असं नाही, काही जण मुळातच कमी टाइप करतात, आणि अशांना पहिल्याच दिवशी काढायची सवय टाउनला फार महागात पडते.

थोडं गणितही लागतं. माफियांची संख्या बाकीच्यांएवढी झाली की माफिया जिंकले, त्यामुळे सात जणांत दोन माफिया असतील तर टाउनला एकच चूक परवडते, कारण एक चुकीचं व्होटिंग आणि रात्रीचा एक किल झाला की उरतात तीन विरुद्ध दोन, आणि तिथे परत चुकलं की संपलं. आणि चार जण उरलेत, त्यात एक माफिया आहे, कोणाबद्दल काहीच कळत नाहीये, तर अशा वेळी व्होट स्किप करणंच, म्हणजे कोणालाच न काढणंच, बरोबर. अंदाजाने काढायला गेलात तर बरोबर माणूस लागायची शक्यता चारात एक, स्किप केलं तर रात्री एक जातो आणि सकाळी तीच शक्यता तीनात एक होते. गंमत म्हणजे लोकांना हे पटतच नाही, हातावर हात धरून बसलोय असं वाटतं आणि घाईत कोणालातरी काढून मोकळे होतात.

त्याच त्याच लोकांबरोबर खेळलं की मेटा तयार होतो, म्हणजे ही व्यक्ती क्रूमेट असताना भांडते आणि इम्पोस्टर असताना गोड बोलते, असं ध्यानात राहायला लागतं. त्यामुळे चांगला खेळाडू क्रूमेट असतानाही मुद्दाम थोडं संशयास्पद वागतो, पुढच्या वेळी इम्पोस्टर झाल्यावर वागणं वेगळं दिसू नये म्हणून. खेळात मेलेल्याने गेमबाहेरून मेसेज करून मारणाऱ्याचं नाव सांगणं हे यात बसत नाही, ती सरळ चीटिंग, आणि बऱ्याच सर्व्हरवर त्यासाठी बॅन करतात.