गुडघ्याचं नाव काढू नका

चाळिशीतला माणूस पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवतो तेव्हा घसरण्याआधीच ताठरतो. पोरं आपटतात आणि हसत उठतात. मोठ्याला मात्र पडायला उंची जास्त, अंगात वजन जास्त, आणि मनगट मोडलं तर कामाचं काय, हा घोर वेगळाच. म्हणून फिगर स्केटिंगचे जाणते प्रशिक्षक मोठ्यांना आधी पडायला शिकवतात: तोल गेला की खाली बसा, कुशीवर कला, मुठी आवळा. मुठी अशासाठी, की मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं सापडू नयेत.

खरी अडचण पुढे येते. स्केटचं पातं जेमतेम ४ मिलिमीटर रुंद. त्याच्या तळाला पन्हळ असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. एका कडेवर कललं की वळण आपोआप येतं. पण त्यासाठी घोटा आणि गुडघा मऊ हवेत. प्रशिक्षक ओरडतो, ‘गुडघे वाकवा!’ शिकणारा आज्ञाधारकपणे कमरेत वाकतो, भार पुढे जातो, पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रुततात आणि गडी तोंडावर.

१९९८ साली माणूस हालचाली कशा शिकतो याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कीइंगची नक्कल करणाऱ्या, चाकांवर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या फळीवर माणसं उभी केली. काहींना सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर द्या. काहींना, बाहेरच्या चाकांवर जोर द्या. चाकं पायांच्या अगदी खालीच होती! तरी चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. पायाकडे लक्ष देणारे तर काहीच न सांगितलेल्यांपेक्षाही सरस ठरले नाहीत. वुल्फ यांचं स्पष्टीकरण असं, की स्वतःच्या अवयवाकडे लक्ष गेलं की आपसूक होणाऱ्या हालचालीत आपण लुडबूड करू लागतो.

सायकल शिकवताना मागून धावणारा कुणीही हेच सांगतो, ‘पायाकडे नको, समोर बघ.’

मग बर्फावर काय सांगावं? ‘नडगीने बुटाची जीभ दाबा.’ ‘कडेने बर्फावर गोल रेघ ओढा.’ गुडघा वाकतोच, फक्त त्याचं नाव निघत नाही. मोठी माणसं तरीही ‘का?’ विचारणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे असं मला वाटतं. जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फमध्ये २००५ पासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे उतरणारेही कधीतरी हेच विचारत असणार. उत्तर द्यावं, पण बाकावर बसून, बुटाच्या नाड्या सोडताना.