बॉम्बला हात न लावण्याचं शिक्षण

कंबोडियात राजधानी नोम पेन्हच्या वरच्या अंगाला कांपोंग छनांग नावाचा प्रांत आहे. तिथल्या एका आवारात जुने तोफगोळे करवतीने कापण्याचं काम उभं राहिलं. पट्ट्याची यांत्रिक करवत, आणि ती चालवणारा माणूस गोळ्यापासून दूर, आडोशाला. पोलादी कवच उघडलं की आतलं स्फोटक काढायचं, वितळवायचं आणि साच्यात ओतून त्याच्या लहान वड्या पाडायच्या. या वड्या सुरुंग काढणाऱ्या पथकांकडे जातात आणि शेतात किंवा बांधाखाली सापडलेला सुरुंग उडवायला वापरल्या जातात.

ही कल्पना गोल्डन वेस्ट ह्युमॅनिटेरियन फाउंडेशन या अमेरिकी सेवाभावी संस्थेची. जोडीला कंबोडियाची सरकारी सुरुंगविरोधी संस्था, म्हणजे १९९२ साली सुरू झालेली सीमॅक. सापडलेला सुरुंग नष्ट करायला स्फोटकच लागतं, आणि ते बाहेरून आणायचं तर पैसा, परवाने आणि वाहतुकीची कटकट. दुसरीकडे लष्कराच्या कोठारांत जुना दारूगोळा पडून, आणि त्याचीच भीती. तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

हे जमतं ते टीएनटी या गोळ्यांतल्या स्फोटकाच्या स्वभावामुळे. टीएनटी साधारण ८० अंश सेल्सिअसला वितळतं, पेटायला मात्र त्याच्या कितीतरी पुढचं तापमान लागतं. नुसत्या धक्क्याने किंवा ठिणगीने ते सहसा फुटत नाही. शिवाय ते टिकतं. पोलादी कवचात बंद राहिलेलं टीएनटी पन्नास काय, शंभर वर्षांनीही जवळपास तेवढ्याच ताकदीचं निघतं. लोखंड गंजतं, दारू म्हातारी होत नाही. युद्ध संपून दोन पिढ्या झाल्यावरही नांगराचा फाळ लागून गोळा फुटतो आणि माणसं मरतात, त्याच्या मुळाशी हे साधं रसायनशास्त्र आहे.

म्हातारा होतो तो फ्यूज, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणारी यंत्रणा. गोल्डन वेस्ट, ब्रिटनची मॅग, हेलो ट्रस्ट अशा संस्था स्फोटकं निकामी करणारे तंत्रज्ञ घडवतात तेव्हा त्यांचा बहुतेक वेळ या फ्यूजवरच जातो.

कुठल्याही तोफगोळ्यात स्फोटकांची साखळी असते. टोकाला चिमूटभर अतिसंवेदनशील स्फोटक, पुढे त्याहून जरा मोठा आणि जरा थंड डोक्याचा भाग, शेवटी मुख्य दारू. पहिल्याने दुसऱ्याला पेटवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. गोळा ट्रकमध्ये हिंदकळतो, सैनिकाच्या हातून पडतो, तेव्हा फुटू नये म्हणून ही साखळी मुद्दाम तोडून ठेवलेली असते. ती जुळते डागल्यानंतरच. तोफेतून सुटताना बसणारा प्रचंड हिसका, गोळ्याचं स्वतःभोवती फिरणं, वाऱ्याने फिरणारं छोटं पातं, यांपैकी एक किंवा दोन गोष्टी घडल्या की आतले अडसर सरकतात आणि फ्यूज सज्ज होतो. हे बळ गोदामात मिळत नाही, उड्डाणातच मिळतं. यंत्रशास्त्र म्हणून पाहिलं तर फार देखणं काम आहे. कशासाठी केलंय हे विसरता आलं तर.

म्हणून शेतात गोळा दिसला की प्रशिक्षणार्थीने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘हा कुठला?’ एवढाच नाही. ‘हा डागला गेला होता का?’ हा त्याहून महत्त्वाचा. उत्तर पुष्कळदा गोळ्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. तोफगोळ्याच्या बुडाजवळ तांब्यासारख्या मऊ धातूची पट्टी असते. तोफेच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यांतून गोळा जाताना या पट्टीवर तिरक्या रेघा कोरल्या जातात. पट्टी गुळगुळीत, तर गोळा बहुधा न डागलेला, फ्यूज झोपलेला. रेघा उमटलेल्या, तर गोळा उडून आलाय, फ्यूज जागा झालाय आणि कुठल्यातरी कारणाने अडलाय. उखळी तोफेच्या गोळ्यात हीच खूण शेपटाकडे, डागताना ठोका बसतो त्या आघात-टोपीवर पडलेल्या खळगीत सापडते. आणि हे सगळं वाचायचं ते हात न लावता, गोळा न फिरवता, वाटलं तर दुर्बिणीतून. रेघांची बाजू मातीत असेल, तर गोळा डागलेलाच आहे असं धरून पुढे जायचं.

अडलेला फ्यूज म्हणजे काय, हे लाओसमधल्या ‘बॉम्बी’वरून, म्हणजे मोठ्या कवचातून पसरणाऱ्या छोट्या बॉम्बवरून नीट कळतं. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर बॉम्बफेकीच्या ५ लाख ८० हजारांवर फेऱ्या केल्या, २० लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला. त्यात २७ कोटींच्या आसपास बॉम्बी होत्या. विमानातून एक मोठं कवच सुटायचं, हवेत उघडायचं आणि आतून सहाशेहून अधिक बॉम्बी पसरायच्या. सर्वांत जास्त सापडणारी जात टेनिसच्या चेंडूएवढी आहे. आत शंभर ग्रॅमसुद्धा स्फोटक नाही, पण कवचात पोलादाच्या बारीक गोळ्या बसवलेल्या. अंगावर उंचवटे असतात, त्यांवर वारा आदळून ती खाली येताना गरगर फिरते. वेग पुरेसा झाला की आतली छोटी वजनं बाहेरच्या बाजूला फेकली जातात आणि फ्यूज सज्ज होतो. मग जमिनीवर आदळली की स्फोट.

हा झाला आराखडा. प्रत्यक्षात एखादी बांबूच्या बनात अडकते, एखादी भातखाचराच्या चिखलात रुतते, एखादीची वजनं अर्धीच सरकतात. ३० टक्क्यांपर्यंत बॉम्बी फुटल्याच नाहीत असा अंदाज धरला जातो. म्हणजे जवळपास आठ कोटी. आता त्या अर्धवट सरकलेल्या फ्यूजवर पन्नास पावसाळे गेले. स्प्रिंग गंजली, पिनेवर मातीचा थर बसला. ती तशीच पडून राहिली तर कदाचित आणखी पन्नास वर्षं राहील. एखाद्या पोराने चेंडू समजून उचलून फेकली, तर राहिलेलं अर्धं काम पूर्ण होऊ शकतं. बाहेरून पाहून ती कुठल्या अवस्थेत अडली आहे हे जगातला कुणीही तज्ज्ञ सांगू शकत नाही. म्हणून नियम सरळ आहे. ती हलवायची नाही. शेजारी स्फोटकाची वडी ठेवायची, माणसं लांब न्यायची आणि जागच्या जागी उडवायची.

आता हे शिकवायचं कसं? खरे फ्यूज वर्गात फिरवता येत नाहीत. दारू काढलेले खरे गोळेही विमानाने एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचे म्हटलं की विमानतळावर काय होईल याची कल्पना करा. आणि आतली रचना दाखवायला खरा फ्यूज उभा कापणं हे स्वतःच एक जोखमीचं काम. गोल्डन वेस्टने नोम पेन्हमध्ये बसून याला उत्तर काढलं ते थ्री-डी प्रिंटरचं. एमआयटी आणि सिंगापूरच्या तंत्रज्ञान व डिझाइन विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी फ्यूजची आणि गोळ्यांची प्लॅस्टिकची प्रारूपं बनवली. एक बाजू उघडी, आतले भाग वेगवेगळ्या रंगांचे आणि खरोखर हलणारे. विद्यार्थी स्वतः वजन सरकवतो, पिन सुटलेली बघतो, साखळी जुळताना बघतो. जाडजूड पुस्तकातल्या आडव्या छेदाच्या चित्रावरून हे कळायला किती वेळ लागतो, ते ज्याने इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलंय त्याला सांगायला नको.

पुढे शिक्षणाच्या पायऱ्या आहेत, आंतरराष्ट्रीय सुरुंगविरोधी मानकांनी ठरवून दिलेल्या. पहिल्या पातळीच्या तंत्रज्ञाने शिकवलेल्या ठरावीक जातीची एकेक वस्तू जागेवर उडवायची, बस्स. दुसऱ्या पातळीवर एखादी वस्तू हलवणं सुरक्षित आहे का हे ठरवण्याचा आणि अनेक वस्तू एकदम नष्ट करण्याचा अधिकार येतो. फ्यूज निकामी करणं, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर ‘बॉम्बनाशक’ म्हटल्यावर जे येतं ते, तिसऱ्या पातळीचं. तिथवर बरेच जण पोचत नाहीत, आणि सगळ्यांनी पोचावं अशी गरजही नसते.

माझ्या मते यात सगळ्यांत अवघड भाग तंत्राचा नाहीच. हे विद्यार्थी बहुतेक त्याच गावांतले असतात. लाओसमध्ये बॉम्बच्या रिकाम्या कवचांचे घराला खांब केलेत, त्यांत कांदापात लावलीय. भंगाराला भाव आहे. लहानपणापासून ज्याने या वस्तू उचलल्या, विकल्या, ज्याला काही झालं नाही, त्याला ‘हात लावू नको’ हे पटवायचं म्हणजे त्याचा अनुभवच खोडून काढायचा. आपल्याकडेही ही बेफिकिरी नवी नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतून मजुरीला आलेली माणसं होती. दारूगोळा नष्ट करणं हे तज्ज्ञाचं काम, पण पेट्या उतरवणं ही मजुरी, अशी आपली समजूत.

कंबोडियात मात्र एक जागा अशी आहे जिथे हा हात न लावण्याचा नियम पाळताच येत नाही. १९७० नंतरच्या यादवी युद्धात मेकाँगमधून दारूगोळा नेणारी जहाजं आणि पडाव बुडाले. तो दारूगोळा काढण्यासाठी गोल्डन वेस्टने सीमॅकच्या सुरुंगवाल्यांतून पाणबुडे तयार केले. पुढे आलेल्यांतल्या अनेकांना नीट पोहताही येत नव्हतं, तेव्हा सुरुवात तिथपासून. मेकाँगचं पाणी गढूळ, तळाशी स्वतःचा पंजा दिसत नाही, शिवाय प्रवाहाची ओढ. तिथे डोळ्यांचं काम बोटांनी करायचं. गोळ्याची लांबी, शेपूट, फ्यूजचा आकार चाचपून ओळखायचा, आणि तोही अगदी हलक्या हाताने. वर्गात प्लॅस्टिकचा फ्यूज शंभरदा हाताळल्याचा उपयोग इथे होतो. २०१५ साली या पथकाने नदीतून पाचशे पौंडी मार्क ८२ जातीचा विमानबॉम्ब वर काढला.

एकेकाळी बाहेरचे लोक येऊन ज्यांना शिकवत होते, ते आता शिकवतात. जानेवारी २०२३ मध्ये युक्रेनच्या आपत्कालीन सेवेतले लोक जपानच्या मदतीने कंबोडियात आले आणि सीमॅकच्या प्रशिक्षकांकडून एलिस नावाचं यंत्र वापरायला शिकले. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या मोतोयुकी सातो यांनी विकसित केलेल्या या यंत्रात धातुशोधक आणि जमिनीत शिरणारं रडार एकत्र आहे. नुसता धातुशोधक खिळ्यालाही ओरडतो. रडारची जोड मिळाली की खाली काय आकाराची वस्तू आहे याचा अंदाज पडद्यावर येतो आणि विनाकारण खणणं वाचतं.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा कंबोडिया आणि लाओसमधली कित्येक पथकं एका झटक्यात घरी बसली. कंबोडियाला काही आठवड्यांनी सूट मिळाली. करवत, प्रिंटर, धातुशोधक कुलपात ठेवता येतात आणि पैसा आला की पुन्हा बाहेर काढता येतात. तिसऱ्या पातळीचा तंत्रज्ञ तसा ठेवता येत नाही. त्याला घर चालवायचं असतं. पगार थांबला की तो दुसरं काम बघतो, आणि त्याच्या जागी नवा घडवायचा तर पहिल्या पातळीपासून सुरुवात.