डाग दिसला की टीबी: या सवयीची पार्श्वभूमी

मेळघाट असो की गडचिरोली, छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिला संशय टीबीचाच. त्यात वावगं काही नाही. महिनोन्‌महिने खोकला आणि वजन घटणं, यामागे इथे अनेकदा टीबीच निघतो. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, १९९७ पासून सुधारित कार्यक्रमात बेडका तपासणीवर भर आला. तरी बेडक्यात जंतू सापडले नाहीत तर फोटोवरून गोळ्या सुरू करण्याची सोय राहिलीच. ती गरजेचीही होती. पण कर्करोग नसलेल्या काही दुर्मिळ गाठी नेमक्या याच सोयीतून टीबीच्या रांगेत जाऊन बसतात.

त्यातली त्यात जास्त आढळणारी हॅमार्टोमा. हे नाव १९०४ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ऑयगेन आल्ब्रेख्त यांनी दिलं. कूर्चा, चरबी असे शरीराचेच घटक, फक्त रचना बिघडलेली. काही गाठींत चुना साचून फोटोत लाह्या फुटल्यासारखं दिसतं. टीबीची जुनी गाठही चुना धरते, म्हणून घोळ. आत चरबी दिसली तर निदान जवळपास पक्कं, पण ती दिसते सीटी स्कॅनमध्ये. साध्या फोटोत नाही.

सर्वांत फसवी मात्र फुफ्फुसाच्या आवरणाची तंतुमय गाठ. क्लेम्पेरर आणि रॅबिन या डॉक्टरांनी १९३१ मध्ये तिचं वेगळं वर्णन केलं. ती इतकी वाढू शकते की एका बाजूची छाती फोटोत पांढरीफटक दिसते. छातीत पाणी झालं म्हणून सुई टाकावी, तर पाणी येतच नाही. अशा वेळी आधी सोनोग्राफी केलेली बरी; पाणी की घट्ट मांस, हे तिथेच कळतं.

तिचा आणखी एक खेळ डोएगे आणि पॉटर या डॉक्टरांनी १९३०मध्येच स्वतंत्रपणे नोंदवला होता. काही मोजक्या रुग्णांत ही गाठ इन्सुलिनसारखं काम करणारं द्रव्य सोडते. मधुमेह नाही, गोळी नाही, तरी पहाटे उपाशीपोटी साखर घसरते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, कधी बेशुद्ध पडतो. घरचे मिरगी समजतात. अशा वेळी छातीचा फोटो कोण काढणार? गाठ पूर्ण काढली की साखर सावरते.

अशा बहुतेक तंतुमय गाठी निरुपद्रवी असल्या तरी काही उलटतात, म्हणून ऑपरेशननंतरही वर्षानुवर्षं तपासणी लागते. २०१३ मध्ये या गाठीतला विशिष्ट जनुकीय बदल सापडला आणि तुकड्याच्या तपासणीत तिला ओळखणं सोपं झालं.