पिकअप बदलण्याआधी वायरचं दुसरं टोक बघा

खोलीत भरदार वाजणारी अकूस्टिक गिटार मंचावर पिकअपला, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाला, वायर जोडली की पत्र्यासारखी वाजायला लागते. "पिकअप बेकार आहे, बदलून टाक," हा सल्ला लगेच मिळतो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो. दोष पिकअपमध्ये नसतो, वायर जिथे खुपसली आहे तिथे असतो.

ब्रिजवरच्या ज्या पांढऱ्या पट्टीवर तारा टेकतात तिला सॅडल म्हणतात. बहुतेक गिटारींत पिकअप तिच्याखाली दडलेला असतो, आणि तो पिझो जातीचा असतो. ठरावीक स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. तार थरथरली की सॅडलवरचा दाब क्षणोक्षणी बदलतो आणि तसाच भारही बदलतो.

पण हा भार चिमूटभर असतो. बुडाला भोक असलेला घडा डोळ्यासमोर आणा. पाणी हळूहळू ओतलं तर ते भोकातून निघून जातं, घड्यात पातळी चढतच नाही. भसकन ओतलं तर निदान क्षणभर चढते. इथे पिकअप म्हणजे घडा आणि मिक्सरचं (आवाज मिसळणाऱ्या यंत्राचं) इनपुट म्हणजे भोक. खर्जातल्या सुरांचा दाब सावकाश बदलतो, त्यामुळे त्यांचा भार मोजला जाण्याआधीच गळून जातो. उरतात ते तीक्ष्ण सूर आणि नखांची टकटक.

आता आकडे. पिकअपची धारिता (घड्याचा आकार) 1000 पिकोफॅरड धरू आणि इनपुटचा रोध (जितका जास्त, तितकं भोक लहान) 10 किलोओहम, म्हणजे जोरकस सिग्नलसाठी असलेल्या साध्या लाइन इनपुटइतका. 1 भागिले 2π, रोध आणि धारिता यांचा गुणाकार, हे सूत्र लावलं की सूर गळायला लागण्याची सीमा येते सुमारे 16,000 हर्ट्झ. त्याच्या खाली कंप्रता निम्मी होईल तसा सिग्नलही जवळपास निम्मा होत जातो. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर वाजते! रोध 1 मेगाओहम केला तर ही सीमा 159 हर्ट्झवर उतरते, 10 मेगाओहमला 16 वर. प्रीअँपचं (मिक्सरच्या आधी लावायच्या छोट्या वर्धकाचं) पहिलं काम हेच, भोक बुजवणं. आवाज वाढवणं नंतरचं. मी एकाच गिटारची एकच वायर आधी लाइन इनपुटला आणि मग त्याच मिक्सरच्या 'हाय-झी' (जास्त रोधाच्या) इनपुटला लावून पाहिली. जाड तारेला पोट आलं, दुसरं काहीही बदललं नव्हतं. गिटारच्या आतच 9 व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप असेल, तर मात्र लाइन इनपुट चालतं.

वायरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांनी "स्वर उजळतो" हा निव्वळ प्रचार आहे. वायरची लांबी मात्र खरोखर मोजली जाते. प्रीअँप नसलेल्या पिझोला लांब वायर लावली की तिची धारिता मिळून आवाज लहान होतो. चुंबकीय पिकअपला तीच वायर लावली तर तीक्ष्ण सूर मंदावतात.

चुंबकीय पिकअप साउंडहोलमध्ये (गिटारच्या पोटावरच्या गोल तोंडात) बसतो आणि त्याला पोलादच कळतं. नायलॉनच्या तारांना तो बहिरा आहे. ब्रॉन्झचं वेटोळं असलेल्या तारांचा त्याला फक्त गाभा दिसतो, म्हणून सर्वांत बारीक दोन साध्या तारा अंगावर येतात. स्क्रू असतील तर त्या तारांखालचे थोडे खाली घ्यावेत.

लाकडाचा आणि पोकळीतल्या हवेचा आवाज हवा असेल तर कंडेन्सर माइकला पर्याय नाही. तो बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा. साउंडहोलसमोर नको, तिथे नुसतं घुमतं. पण माइकला स्पीकरही ऐकू येतो, आणि पोकळीतली हवा 100 हर्ट्झच्या आसपास सहज डोलते, त्यामुळे मोठ्या आवाजात हूऽऽ सुरू होतं. शेजारी ड्रम असेल तर पिकअपच बरा. शांत, एकट्याचं वादन असेल तर माइक.

दोन्ही मिसळायचे असतील तर जाड तार छेडून तिचा सूर लांबू द्या आणि मिक्सरवरचं फेज (लहरीची दिशा) उलटवण्याचं बटण दाबून पाहा. ज्या स्थितीत खर्ज जास्त भरतो, तिथेच ते बटण राहू द्या.