पानाची कड जळली: तहानेनं की क्षारानं?

एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या बुडाशी कापणं, झाली की द्राक्षाची नवी फूट नेमकी मे महिन्याच्या उन्हात सापडते. विहिरीनं तळ गाठलेला असतो आणि पानांच्या कडा तांबूस होऊन करपायला लागतात. पाणी कमी पडलं, असंच वाटतं. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हीच कड क्षारांमुळेही जळते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. क्षाराच्या बागेत घाईनं दिलेलं थोडं थोडं खारं पाणी दुखणं वाढवतं.

तहानेची पहिली खूण शेंड्यावर दिसते. वाढ थांबते, पेरं आखूड पडतात, बाळ्या (वेलीचे ताणे) सुकतात. पान दुपारी लवतं, हाताला गरम लागतं. पहाटे ते पुन्हा ताठ झालं तर वेल सावरण्यासारखी आहे. पहाटेही लोंबत असेल तर पाणी लगेच द्या.

क्षारात सुरुवातीला शेंडा बरा चालतो, पण काडीच्या बुडाची जुनी पानं कडेकडून आत जळतात. ड्रिपरखाली एक फूट खणून माती मुठीत दाबा. गोळा होतोय, तरी पान जळतंय? मग दोष ओलाव्याचा नाही. ड्रिपरखालच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी पापडी दिसली तर शंका जवळजवळ मिटते. मात्र पालाशची (पोटॅशची) कमतरताही जुन्या पानांवर अशीच दिसते, आणि डॉगरिज खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम केलेलं असतं) पालाशऐवजी सोडियम जास्त ओढत असल्यानं ती क्षारासोबतच येऊ शकते. म्हणून देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठाची प्रयोगशाळेत तपासणी, कराच. पाणीही तपासा: क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत द्राक्षाला चालते.

तहान असेल तर सोयाबीनचं कुटार तीन-चार इंच पसरा, खोडापासून थोडं दूर. जादा फुटी आणि बगलफुटी काढा, म्हणजे पानातून उडणारं पाणी घटतं. छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत काडीत घड ठरतो. तेव्हा हलका ताण चालतो, वेल सुकलेली चालत नाही. उरलेलं पाणी या दिवसांसाठी राखा.

क्षार असेल तर रोज वीस मिनिटं ड्रिप चालवू नका. तेवढ्यानं क्षार मुळांपाशीच साचतात. तेच पाणी तिसऱ्या दिवशी सलग एक तास सोडलं तर क्षार खाली ढकलले जातात. पालाश द्यायचा तर सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅशमधून आणखी क्लोराइड जातं. जिप्समचा उपयोग सोडियम जास्त असेल तरच, आणि त्यालाही निचरा व गोडं पाणी लागतं. म्हणून ते पावसाळ्याच्या तोंडावर टाका.

पहिला पाऊस हलका पडला तर क्षाराच्या बागेत ड्रिप बंद करू नका. कडेला साचलेले क्षार तो मुळांकडे परत आणतो. चालू ड्रिप त्यांना बाहेरच ठेवते. जोराचा पाऊस होऊन माती फूटभर भिजली की मग बंद करा.